अतिसार, आकडी आणि बालकाचा मेंदू

१. विषयप्रवेश

लहान मुलास जुलाब व वांत्या होणे ही गोष्ट घरोघरी इतकी परिचयाची आहे की, तिचा संबंध मेंदूशी असेल अशी शंकाही कोणास येत नाही. पोटाचा विकार पोटापुरता आणि डोक्याचा विकार डोक्यापुरता, अशी आपल्या मनात सरळ विभागणी असते. म्हणूनच दोन दिवस पातळ शौचास होत असलेले, परंतु एरवी खेळत असलेले वर्षादीडवर्षाचे मूल जेव्हा एकाएकी डोळे फिरविते, ताठ होते व हातापायांस झटके देऊ लागते, तेव्हा घरातील माणसांची त्रेधा उडते. कोणी कांदा फोडून हुंगवितो, कोणी वहाण नाकाशी धरतो, कोणी दातखीळ सोडविण्यासाठी तोंडात चमचा घालतो. दोन मिनिटांत आकडी थांबते. परंतु ‘मुलाला फेफरे जडले’ हा समज मात्र घरात कायमचा राहतो. ते मूल मुलगी असेल, तर तिच्या लग्नाच्या वेळीही त्याची आठवण निघते.

या समजात जसे अकारण भय आहे, तसाच त्याच्या उलट दिशेचा धोकाही आहे. ‘जुलाबात असे होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणारी घरेही असतात. आणि अशा घरात एखाद्या वेळी वाचविता आले असते असे मूल दगावते किंवा जन्माचे अधू होते.

या दोन्ही चुका टाळावयाच्या, तर एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. जुलाबात आलेली आकडी हे एका रोगाचे नाव नव्हे. ते एक लक्षण आहे. त्याच्यामागे मुख्यतः तीन निरनिराळ्या घटना असू शकतात : शरीरातील पाणी, क्षार व शर्करा यांचा तोल बिघडणे, मेंदूस इजा न होता त्याचे काही काळ चेतविले जाणे, आणि मेंदूलाच खरीखुरी बाधा होणे. पहिली घटना धोक्याची असली तरी उपचारसाध्य आहे, दुसरी भीतिदायक दिसली तरी निरुपद्रवी आहे, तिसरी विरळ आहे परंतु गंभीर आहे. या तिहींतील भेद कसा ओळखावा, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

२. रोगकारक विषाणू

बालकांच्या अतिसारास जंतू, परोपजीवी प्राणी व विषाणू असे तिन्ही प्रकारचे सूक्ष्मजीव कारणीभूत होतात. त्यांपैकी विषाणूंचा वाटा मोठा असला, तरी १९७० पर्यंत तो सिद्ध झालेला नव्हता. अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचे गाव आहे. तेथील एका शाळेत १९६८ साली वांत्या-जुलाबांची साथ आली. त्या साथीतील नमुन्यांत अल्बर्ट कपिकियन व त्यांचे सहकारी यांना १९७२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक विषाणू आढळला. गावाच्या नावावरून आलेले ‘नोरोव्हायरस’ हे नाव आज त्या कुलास दिलेले आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७३ साली, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी असलेल्या बालकांच्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासले. त्या तुकड्यांतील पेशींत त्यांना विषाणूंचे असंख्य कण दिसले. कणाचा आकार आरे असलेल्या चाकासारखा. म्हणून इंग्लंडमधील टॉमस फ्लुएट यांनी चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘रोटाव्हायरस’ हे नाव सुचविले. जगातील बहुतेक प्रत्येक मुलाला, मग ते श्रीमंत देशातील असो वा गरीब देशातील असो, पाच वर्षांचे होण्यापूर्वी या विषाणूची बाधा एकदा तरी होते, असे पुढील संशोधनात आढळून आले.

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस व पाणी शोषून घेणे हे त्या अंकुरांच्या टोकांवरील पेशींचे काम होय. रोटाव्हायरस नेमक्या याच पेशींत शिरून वाढतो व त्यांचा नाश करितो. शोषणाचे काम मंदावते. शिवाय हा विषाणू एक विशिष्ट प्रथिन निर्माण करितो व ते विषासारखे कार्य करिते, असे १९९६ साली मेरी एस्टेस यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. या प्रथिनामुळे पेशींतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते आणि आतडे उलट पाणी व क्षार बाहेर टाकू लागते. अशा रीतीने शोषण कमी व स्राव अधिक होऊन जुलाब सुरू होतात.

३. पाणी, क्षार आणि शर्करा यांचा तोल

नवजात बालकाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. मोठ्या माणसाच्या मानाने बालकाची पाण्याची रोजची उलाढालही मोठी असते. तेव्हा मोठ्या माणसास केवळ थकवा आणणारे जुलाब बालकाच्या अंगातील पाणी पाहता पाहता आटवून टाकितात. डोळे खोल जातात, टाळू आत बसते, तोंड कोरडे पडते, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी कमी होते, पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लवकर पूर्ववत होत नाही. या अवस्थेस शोष म्हणतात.

परंतु मेंदूच्या दृष्टीने केवळ पाणी किती गेले एवढाच प्रश्न नसतो; पाण्याबरोबर मीठ किती गेले आणि त्याची भरपाई कशाने केली, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न असतो. निरोगी रक्तातील सोडियमचे प्रमाण दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या मर्यादेत राहते. ते फार घटले, तर रक्तातील पाणी मेंदूच्या पेशींत शिरते व त्या फुगतात. कवटीचे हाड ताणले जात नसल्यामुळे फुगलेल्या मेंदूस जागा उरत नाही. मूल गुंगते, व त्याला आकडी येते. जुलाब होत असताना मुलाला नुसते साधे पाणी किंवा फार पातळ केलेले दूधच पाजीत राहिल्यास असा प्रसंग ओढवतो.

याच्या उलट सोडियमचे प्रमाण फार वाढले, तर मेंदूच्या पेशींतील पाणी बाहेर खेचले जाऊन त्या आक्रसतात. मेंदू आक्रसला की त्याच्यावरील नाजूक रक्तवाहिन्या ताणल्या जातात व क्वचित फुटतात. असे मूल चिडचिडे होते, किंचाळून रडते, त्याची तहान अनावर असते. पाणी अजिबात न देणे हे याचे एक कारण. आणि प्रमाणाबाहेर मीठ घालून केलेले पाणी पाजणे हे दुसरे. एक लिटर पाण्यासाठी तयार केलेली जलसंजीवनीची पुडी पेलाभर पाण्यात विरघळवून देणे म्हणजे औषधाच्या नावाने मुलास खारे पाणी पाजणेच होय. अशा मुलाच्या रक्तातील सोडियम रुग्णालयात हळूहळू, दोन-तीन दिवसांच्या अवधीत, खाली आणावे लागते. घाई केल्यास आक्रसलेल्या पेशींत पाणी वेगाने शिरून मेंदू फुगतो व उपचारच अपायकारक ठरतो.

तिसरी गोष्ट शर्करेची. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज हे होय. बालकाच्या यकृतात त्याचा साठा थोडा असतो. वांत्यांमुळे अन्न पोटात ठरत नसेल, किंवा ‘पोटाला विश्रांती’ म्हणून मुलाला उपाशी ठेवले असेल, तर हा साठा लवकर संपतो. कुपोषित मुलात तो आधीच तुटपुंजा असतो. रक्तातील शर्करा फार उतरली की मूल निस्तेज होते, त्याला घाम सुटतो व आकडी येते. रक्ताच्या एका थेंबाच्या तपासणीने हे काही सेकंदांत कळते आणि ग्लुकोज शिरेवाटे दिल्याबरोबर उतार पडतो. हीच तपासणी राहून गेली, तर मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अतिसार असलेल्या मुलाला आकडी आली की शर्करा व सोडियम यांचे माप घेणे, हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य मानले जाते.

४. सौम्य अतिसारातील आकडी : जपानमधील निरीक्षण

क्षार व शर्करा यांच्या मापाने सर्व आकड्यांचा उलगडा होतो, असे मात्र नाही. जपानमधील बालरोगतज्ज्ञांना काही मुले अशी आढळली, की ज्यांचे जुलाब सौम्य होते, ज्यांना शोष नव्हता, ताप नव्हता, ज्यांच्या रक्तातील सोडियम, कॅल्शियम व शर्करा यथायोग्य होती, आणि तरीही ज्यांना आकडी आली. मोरोओका यांनी १९८२ साली अशा मुलांचे एकत्र वर्णन करून ही एक स्वतंत्र अवस्था असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर तैवान, कोरिया व हाँगकाँग येथून, आणि पुढे युरोप-अमेरिकेतूनही, तशीच वर्णने प्रसिद्ध झाली. रोटाव्हायरस व नोरोव्हायरस हे दोन विषाणू या मुलांच्या विष्ठेत प्रामुख्याने सापडतात.

या आकडीचे स्वरूप बरेचसे ठरावीक असते. मुलाचे वय सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे, त्यातही एक ते दोन वर्षे असते. मूल त्यापूर्वी निरोगी असते. जुलाब-वांत्या सुरू झाल्यापासून पहिल्या पाच-सहा दिवसांत, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आकडी येते. एक आकडी बहुधा पाच मिनिटांपेक्षा कमी टिकते. परंतु ती एकटी येत नाही. एक-दोन दिवसांच्या अवधीत तिची दोन, तीन किंवा त्याहून अधिक आवर्तने होतात. मूल रडल्याने किंवा त्यास वेदना झाल्यानेही कधी कधी पुढची आकडी येते. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात मात्र मूल शुद्धीवर येते, आईस ओळखते, पाणी पिते. हे शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे.

मेंदू व पृष्ठरज्जू यांच्या भोवतालचा द्रव तपासला, तर तो निर्दोष असतो. आकडी थांबल्यानंतर काढलेल्या मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या आलेखात बहुधा दोष दिसत नाही. अपस्माराच्या म्हणजे फेफऱ्याच्या रोगात आकड्या वर्षानुवर्षे पुनःपुन्हा येत राहतात. येथे अतिसार बरा झाला की आकड्याही थांबतात. थोड्या मुलांना पुढच्या एखाद्या अतिसारात त्या पुन्हा येतात. पण पुढे अपस्मार जडण्याचा प्रकार अगदी विरळ आहे, आणि मुलाची बौद्धिक व शारीरिक वाढ इतर मुलांसारखीच होते.

उपचाराच्या बाबतीत एक विशेष आढळून आला. आकडी थांबविण्यासाठी नेहमी वापरले जाणारे डायझेपाम हे औषध ही आवर्तने रोखण्यात पुष्कळदा अपुरे पडते. उलट कार्बामाझेपिन या औषधाची अल्प मात्रा अल्पकाळ दिली असता आवर्तने थांबतात, असा जपानी वैद्यांचा अनुभव आहे. औषध कोणते द्यावे हे अर्थात् वैद्यांनीच ठरवावयाचे असते. सामान्य वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की योग्य तपासणीनंतर ही अवस्था निश्चित झाली असेल, तर वर्षानुवर्षे फेफऱ्याची औषधे देण्याचे कारण नसते. रोगाचे बरोबर नाव कळणे हाच येथे अर्धा उपचार होय.

५. आतड्यातील विषाणू आणि मेंदू यांचा संबंध

आतड्यात राहणारा विषाणू मेंदूला कसा चेतवितो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक जुना समज बाजूस सारावा लागला. रोटाव्हायरस आतड्याबाहेर पडत नाही, असे पूर्वी मानीत असत. परंतु आजारी मुलांच्या रक्तातही त्याचे अंश असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. काही मुलांच्या मेंदूभोवतालच्या द्रवातही त्याचे जनुकीय द्रव्य सापडले आहे. तथापि आकडी आलेल्या सर्वच मुलांत ते सापडत नाही. म्हणून विषाणू स्वतः मेंदूत पोहोचल्यानेच आकडी येते, असे म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग रासायनिक आहे. वर उल्लेखिलेले विषारी प्रथिन पेशींतील कॅल्शियमचा तोल बिघडविते. आणि मज्जातंतूंच्या पेशींत संदेशवहनाचे नियमन करण्यात कॅल्शियमचा मोठा हात असतो. तसेच आकडी आलेल्या मुलांच्या रक्तात व मेंदूभोवतालच्या द्रवात नायट्रिक ऑक्साइड या द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. या गोष्टींमुळे मज्जापेशी काही काळ अधिक चेतनक्षम होतात, असा तर्क केला जातो. बालकाच्या मेंदूची घडण अद्याप चालू असल्यामुळे तो मोठ्यांच्या मेंदूपेक्षा लवकर चेतविला जातो. आकडी विशिष्ट वयातच का येते, याचे स्पष्टीकरण यावरून मिळते.

तिसरा मार्ग मज्जातंतूंचा आहे, आणि तो वांतीच्या बाबतीत प्रयोगाने दिसून आला आहे. आतड्याच्या भित्तीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे आहे. रोटाव्हायरसजन्य अतिसारात हे जाळे चेतविले जाऊन स्राव वाढतो, असे स्वीडनमधील ओव्ह लुंडग्रेन यांनी २००० साली दाखविले. पुढे २०११ साली स्वीडनमध्येच असे आढळले की, हा विषाणू आतड्यातील विशिष्ट पेशींकडून सिरोटोनिन नावाचे द्रव्य सोडवितो. ते व्हेगस मज्जातंतूस उद्दीपित करिते. आणि तो संदेश मेंदूतील वांतीच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. म्हणजे मूल जेव्हा ओकते, तेव्हाच आतडे व मेंदू यांचे संभाषण सुरू झालेले असते. पोट वेगळे आणि डोके वेगळे, ही आपली विभागणी निसर्गाला मान्य नाही.

६. मेंदूची खरी बाधा

आता तिसऱ्या आणि विरळ प्रकाराकडे वळू. काही थोड्या मुलांत रोटाव्हायरसच्या बाधेनंतर मेंदूच्या कार्यात उघड बिघाड होतो. मूल आकडीनंतर शुद्धीवर येत नाही, भलतेच बडबडते, किंवा उलट बोलेनासे होते. चुंबकीय प्रतिमा घेतली असता काहींच्या मेंदूच्या दोन गोलार्धांस जोडणाऱ्या तंतुपट्ट्याच्या मागील टोकाशी डाग दिसतो. २००४ साली जपानी संशोधकांनी या अवस्थेचे वर्णन केले. हा डाग काही आठवड्यांत नाहीसा होतो व बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. परंतु काही मुलांत अनुमस्तिष्क, म्हणजे तोल व हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू, सुजतो. अशी मुले काही काळ मुकी होतात. वाचा परत आली तरी बोलणे संथ व अडखळत राहण्याचा संभव असतो.

मुखावाटे शिरून आतड्यात वाढणारे, परंतु मज्जासंस्थेस अधिक अपाय करणारे विषाणूही आहेत. त्यांचे सर्वपरिचित उदाहरण पोलिओचे. त्याचा विषाणू घसा व आतडे यांत वाढतो. बहुसंख्य मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु सुमारे दोनशेत एकाच्या पृष्ठरज्जूतील पेशी नष्ट होऊन पक्षाघात होतो. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. आतड्यावाटे येणाऱ्या विषाणूपासून मेंदूचे रक्षण करावयाचे, तर त्याला आतड्यातच अडविले पाहिजे, हा धडा पोलिओने आपणास दिला आहे.

७. भेद कसा ओळखावा

रोगनिदान हे वैद्यकाचे काम आहे; परंतु वैद्याला उपयोगी पडणारी माहिती आईवडिलांजवळच असते. पुढील गोष्टी त्यांनी ध्यानात ठेवून सांगाव्यात.

(१) आकडी किती वेळ टिकली? शक्य तर घड्याळ पाहावे.
(२) ती सर्वांगास आली की अंगाच्या एकाच बाजूस?
(३) आकडी थांबल्यावर मूल किती वेळाने ओळख देऊ लागले?
(४) ताप होता काय? शौचात रक्त किंवा आव होती काय?
(५) शेवटची लघवी केव्हा झाली?
(६) मुलास काय व किती पाजले? जलसंजीवनी दिली असल्यास ती किती पाण्यात विरघळविली?

ताप असेल, तर आकडी केवळ तापामुळेही आलेली असू शकते; सहा महिने ते पाच वर्षे या वयात असे घडते. शौचात रक्त व अंगात तीव्र ताप असेल, तर विषाणूऐवजी शिगेला या जंतूचा संशय घ्यावा लागतो. त्याचे उपचार निराळे आहेत. मूल शुद्धीवर न येणे, मान ताठणे, टाळू फुगणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, ही मेंदूच्या खऱ्या बाधेची चिन्हे होत. त्यांत क्षणाचाही विलंब होता कामा नये.

८. आकडी येत असताना काय करावे

मुलाला सपाट जागी कुशीवर निजवावे, म्हणजे वांती व लाळ श्वासनलिकेत न जाता तोंडावाटे बाहेर पडेल. गळ्याभोवतालचे कपडे सैल करावेत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी अथवा औषध काहीही घालू नये; दातखीळ आपोआप सुटते, परंतु घशात गेलेले पाणी प्राणावर बेतते. कांदा व वहाण यांचा आकडी थांबण्याशी काही संबंध नाही. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत स्वतःहून थांबते, व त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला यश दिले जाते, एवढेच. आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. ती लवकर थांबली, तरीही जुलाबात आकडी आलेल्या प्रत्येक मुलाला त्याच दिवशी वैद्यास दाखविले पाहिजे. कारण शर्करा व सोडियम यांचा तोल घरी डोळ्यांनी दिसत नाही.

९. प्रतिबंध

पहिला उपाय जलसंजीवनी. ग्लुकोज व सोडियम आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात व त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाबातही हे द्वार बहुतांशी उघडे राहते, या तत्त्वावर जलसंजीवनी आधारलेली आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेवाटे द्यावयाचे द्रव अपुरे पडल्यामुळे साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे तेथील मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. सध्याच्या पुडीतील द्रव्ये एक लिटर पाण्यात अशी असतात : मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे, कमी नाही व अधिकही नाही. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. वैद्याच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताची गोळीही द्यावी.

दुसरा उपाय लस. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६ च्या सुमारास एका नवजात बालकात रोटाव्हायरसचा एक असा वाण सापडला, की ज्याची बाधा होऊनही मुले आजारी पडत नव्हती. डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ प्रयत्नांतून या वाणापासून भारतीय लस सिद्ध झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी घेण्यात आली. तीव्र रोटाव्हायरसजन्य अतिसाराचे प्रमाण तिच्यामुळे निम्म्याहून अधिक घटले. मार्च २०१६ मध्ये ओडिशा, आंध्र प्रदेश, हरियाणा व हिमाचल प्रदेश या चार राज्यांपासून आरंभ करून रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात आणली गेली व पुढे ती देशभर देण्यात येऊ लागली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत ती तोंडावाटे देतात.

या लसीचा मेंदूशीही संबंध आहे. अमेरिकेतील मुलांच्या नोंदी तपासून २०१४ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्या मुलांना रोटाव्हायरसच्या लसीच्या सर्व मात्रा मिळाल्या होत्या, त्यांना पुढील एका वर्षात आकडीसाठी रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रमाण लस न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. अतिसाराची लस आकडीपासूनही संरक्षण देते, याचा हा पुरावा होय. नोरोव्हायरसवर मात्र अशी लस अजून लसीकरणात आलेली नाही. तेथे साबणाने हात धुणे, शुद्ध पाणी व शौचाची योग्य विल्हेवाट हेच उपाय आहेत, आणि ते इतर सर्व विषाणूंनाही लागू पडतात.

१०. समारोप

जुलाबात मुलाला आकडी आली म्हणजे घराने एका वेळी दोन गोष्टी केल्या पाहिजेत : त्वरा करणे, आणि निष्कर्षाची घाई न करणे. त्वरा अशासाठी की, रक्तातील शर्करा उतरली असेल किंवा क्षारांचा तोल गेला असेल, तर थोड्या वेळात दिलेला उपचार मेंदू वाचवितो. निष्कर्षाची घाई नको अशासाठी की, ज्या मुलाचे रक्त निर्दोष आहे व जे दोन आकड्यांच्या मधे हसते-खेळते, ते बहुधा त्या आजाराबरोबरच आकडीतूनही मुक्त होणार असते. त्याच्या नावापुढे ‘फेफरे’ हा शब्द लिहिणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पाहणे, मोजणे व मगच नाव देणे ही शास्त्राची रीत आहे. या विषयात तीच मुलाच्या हिताचीही आहे.

स्वाध्याय

(१) एक लिटरची जलसंजीवनीची पुडी एका पेल्यात विरघळविल्यास मेंदूच्या पेशींवर काय परिणाम होईल? कारणासहित लिहा.
(२) सौम्य अतिसारातील आकडी आणि अपस्मार यांतील भेद सांगा.
(३) आकडीच्या वेळी वहाण हुंगविल्याने गुण येतो, असा समज का रूढ झाला असावा? या समजाची परीक्षा कशी घ्याल?
(४) आतडे व मेंदू यांचा संबंध दाखविणारे तीन मार्ग थोडक्यात वर्णन करा.